सकाळी उपाशीपोटी शाळेत येणारी मुलं: आपापल्या गावात काय करता येईल?

माळरान

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे आणि यंदा पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलं. शाळा पहिली ते चौथी, पट ४६, शिक्षक दोन. समितीवर आल्यापासून धान्य मोजून घ्यायला, जेवणाची चव बघायला शाळेत जाणं-येणं वाढलं. तिथे जे बघतोय त्यावर तुमच्याशी बोलायचं आहे.

आमच्याकडे दुपारचं जेवण चांगलं असतं. हे आधीच सांगतो, कारण पोषण आहाराचा विषय निघाला की लोक लगेच अळ्या आणि खडे यांच्याच बातम्या काढतात. आमच्या स्वयंपाकी मावशी डाळ निवडून घेतात, मटकीला आदल्या दिवशी भिजवून मोड आणतात, फोडणीचा वास सुटला की पोरांचं लक्ष वर्गात राहत नाही. मुलं दोनदा मागून घेतात. अडचण त्याच्या आधीची आहे. शाळा दहाला भरते आणि जेवण दीड वाजता.

बाईंनी एका आठवड्यात प्रत्येक मुलाशी जाता-येता सहज बोलून विचारलं, की सकाळी काय खाल्लंस? निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर एकच: चहा. कुणी चहा-बिस्कीट, कुणी चहा-खारी, कुणी नुसताच चहा. सध्या खुरपणीचे दिवस आहेत. बायका सात-साडेसातला टमटममध्ये बसून रानात जातात. भाकरी करून ठेवलेली असते, पण सहा-सात वर्षांचं पोर आपल्या हाताने टोपलीतली भाकरी काढून, कालवण वाढून घेऊन जेवेल असं होत नाही. ते चहा पितं आणि दप्तर उचलतं. आदल्या रात्री आठला जेवलेलं मूल दुसऱ्या दिवशी दीडपर्यंत तसंच.

तिसरीतली एक मुलगी रोज अकराच्या सुमारास पोट दुखतंय म्हणून बाईंकडे येते. मी शाळेत होतो त्या दिवशीही आली. हात पोटावर, ओठ कोरडे, कुणाशी बोलणं नाही. बाईंनी आपल्या डब्यातली चपाती काढली, तिला गूळ लावून गुंडाळी करून दिली आणि व्हरांड्यात बसवलं. तिने ती कडेकडेने तोडत, सावकाश खाल्ली. थोड्या वेळाने उठून वर्गात गेली आणि हातच्याची वजाबाकी फळ्यावर सोडवून आली. हीच मुलगी ‘अभ्यासात मागे’ म्हणून वहीत नोंदलेली आहे.

दुपारच्या जेवणाचं महत्त्व मला कुणी पटवून द्यायला नको. आम्ही शाळेत होतो तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली, पण आपल्याकडे महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. तो पिशवीत घालून मी घरी आणलेला आहे, आणि घरी आलेला तांदूळ सगळ्या घराचा व्हायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवून वाढा असा आदेश दिला आणि मग तो घास खरोखर मुलाच्या तोंडात जायला लागला. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत असा नियम आहे. पण त्या नियमाचं घड्याळ दुपारीच सुरू होतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सकाळच्या पौष्टिक नाश्त्याची शिफारस आहे. सकाळचे तास अवघड विषयांसाठी जास्त उपयोगी पडतात असं कारणही दिलंय. आणि जिथे गरम नाश्ता जमणार नाही तिथे शेंगदाणे किंवा हरभरे गुळासोबत, किंवा गावात मिळतं ते फळ द्या, असंही लिहिलंय. २०२१ ला योजनेचं नाव बदलून ‘पीएम पोषण’ झालं, बालवाटिकेची (पहिलीच्या आधीच्या वर्गाची) मुलं त्यात आली, पण नाश्ता आला नाही. तमिळनाडूने मात्र १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा गरम नाश्ता सुरू केला आणि पुढच्या वर्षी तो राज्यभर नेला. उपमा, पोंगल, खिचडी असा आठवड्याचा बेत असतो.

आपल्याकडे सरकार कधी सुरू करेल तेव्हा करेल. माझ्या मुलीच्या वर्गातली पोरं आत्ता उपाशी बसतात. तुमच्यापैकी कुणाच्या गावात, शाळेत यावर काही केलंय का? कसं केलं, पैसे कुठून आणले, बंद पडलं असेल तर कशाने पडलं? सगळं सांगा.

पाटीपेन्सिल

माळरान, मी मराठवाड्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. तुम्ही लिहिलंत ते रोज बघतो. सोमवारी सगळ्यात जास्त. शनिवारी सकाळची शाळा आणि रविवारी सुट्टी, त्यामुळे सोमवारच्या दुपारी शापोआ (आम्ही शालेय पोषण आहाराला हेच म्हणतो) नेहमीपेक्षा लवकर संपतो.

आधी पैशाचं सांगतो. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहेत. तांदूळ वेगळा येतो, मुलामागे १०० ग्रॅम. या पावणेसात रुपयांत २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, मीठ-मसाला आणि इंधन बसवायचं. पावसाळ्यात टोमॅटो आणि पालेभाजी महागली की ५० ग्रॅम भाजी कागदावर राहते. त्यामुळे यातूनच नाश्ता काढू असं कुणी सुचवलं तर कृपया ऐकू नका. दुपारचं ताट हलकं होईल.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, जेवणाची वेळ अलीकडे ओढली. साडेबाराला वाढतो. मावशींना साडेनऊऐवजी नऊला यावं लागतं, त्यांनी ते मान्य केलं आणि आम्हीही त्यांना दुपारी लवकर मोकळं करतो. यासाठी कुणाकडे पैसे मागावे लागले नाहीत, समितीचा ठराव पुरला. दोन, अकराच्या लहान सुट्टीत भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. शेंगदाणे गावातूनच येतात. रास झाली की शेतकऱ्यांकडे जायचं, प्रत्येकाने पायली-दोन पायली द्यायची. पैसे मागितले तर लोक मागे सरतात, धान्य मागितलं तर पोतं उघडतात.

काय बदललं? पहिली-दुसरीची मुलं अकरानंतर बाकावर डोकं ठेवायची ती ठेवत नाहीत. भांडणंही कमी झाली. भुकेलं मूल चिडतं, ढकलतं, रडतं, आणि आपण त्याला खोडकर म्हणून मोकळे होतो. प्रशिक्षणात मुलांच्या मानसिक आरोग्यावर आम्हाला बरंच ऐकवलं जातं आणि ते हवंच, पण त्या यादीत पहिल्या ओळीवर ‘हे मूल आज काय खाऊन आलंय’ असायला हवं.

एक सावधगिरी. बाहेरून आलेला कोणताही शिजवलेला पदार्थ मुलांना देण्याआधी मोठ्या माणसाने खाऊन थोडं थांबायचंच. १६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये छपऱ्याजवळ शाळेतल्या जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलं गेली. चवीची नोंदवही अनेक ठिकाणी महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरली जाते. तसं करू नका. तुम्ही समितीवर आहात, तुम्ही रोज चव बघायला गेलात तरी शाळेला मोठी मदत होते.

रानमेवा

सगळं शाळेवरच टाकायचं का? आईवडिलांनी सकाळी मुलाला घासभर खाऊ घालून पाठवावं एवढी अपेक्षा ठेवू नये? शिक्षक शिकवणार कधी? आधीच ते तांदळाचा हिशोब, अ‍ॅपवर रोजची हजेरी आणि ताटांची संख्या भरण्यात अडकलेत.

चुलवण

रानमेवा, तुमचा शिक्षकांबद्दलचा मुद्दा पटतो. आईवडिलांबद्दलचा पटत नाही, कारण मी त्या घरातली आहे.

माझी आई आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते. पंचवीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असला की दोन मदतनीस असतात, त्यातली ती एक. पहाटे साडेचारला उठून ती घरच्या भाकरी करायची, मग दुसऱ्याच्या रानात दोन तास भांगलण, तिथून परस्पर शाळेत. आम्ही तिघं भावंडं चहा पिऊन शाळेत जायचो आणि दुपारी आईच्याच हातचं तिथे जेवायचो. शाळेत ती शंभराच्या आत पोरांना वाढायची, पण सकाळी आमच्यासमोर ताट ठेवायला तिच्याकडे वेळ नसायचा. माया कमी होती म्हणून आम्ही उपाशी गेलो नाही. मजुरीचा टमटम कुणासाठी थांबत नाही.

तिच्या कामाबद्दलही लिहिते, कारण या विषयात मावशींचं नाव क्वचित निघतं. केंद्राच्या नियमात स्वयंपाकी-मदतनिसाचं मानधन २००९ पासून महिना १००० रुपये आहे आणि तेही वर्षातल्या दहा महिन्यांचं. राज्य आपली भर घालतं म्हणून काहीतरी हातात पडतं, आणि तेही दर महिन्याला वेळेवर पडेलच असं नाही. धुरात बसून इतक्या पोरांचं रांधायचं, पातेली घासायची, शाळेचं अंगण झाडायचं. आता तुम्ही नाश्ता सुरू करा म्हणाल तर ते काम कोण करणार? मावशीच. म्हणून माळरानदादा, नाश्त्याचा विचार करताना मावशींच्या हातात चार पैसे जास्त कसे पडतील ते पहिल्या दिवशी ठरवा.

अजून एक, जे सहसा बोललं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासी बायकांना प्राधान्य द्या असं सांगितलं होतं. माझ्या आईला हे काम लागलं तेव्हा गावातल्या काही घरांनी आपली मुलं दुपारी घरी बोलवायला सुरुवात केली. हेडमास्तर कुणाशी भांडले नाहीत. ते रोज आईच्या हातून पहिलं ताट घ्यायचे आणि मुलांच्या पंगतीत मांडी घालून जेवायचे. वर्ष सरायच्या आत सगळी पोरं एका ओळीत बसायला लागली. ‘विद्यार्थ्यांचं कल्याण’ या विषयात मला हे सगळ्यात वरचं वाटतं. ज्या मुलाला पंगतीत कुणाशेजारी बसायचं याची भीती वाटत नाही, ते मूल नीट जेवतं.

आणि भाजीचं: पोरं दुधी, भोपळा बाजूला काढतात म्हणून मास्तर रागवायचे. आई दुधी किसून डाळीत शिजवायची, शेवग्याचा पाला बारीक चिरून फोडणीत टाकायची. शेवगा शाळेच्या परसबागेतलाच. ताटाच्या कडेला काही राहायचं नाही.

पाटीपेन्सिल

चुलवणताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. मानधनाचा मुद्दा अगदी बरोबर. आमच्याकडे शेंगदाणे भाजायचं काम बचत गटाकडे दिलंय, मावशींवर टाकलेलं नाही.

दवाखाना

मी तालुक्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ आहे. शाळा तपासणीच्या पथकांकडून मुलं आमच्याकडे पाठवली जातात, त्यामुळे हा विषय रोजचा आहे. काही गोष्टी सांगतो.

चहा. उपाशीपोटी चहा प्यायलेल्या मुलाची भूक मरते आणि पोटात जळजळ होते. अकराच्या पोटदुखीमागे बऱ्याचदा हेच असतं, पण कायम दुखत असेल तर जंत, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता हेही तपासून घ्या. त्या मुलीला एकदा दवाखान्यात दाखवाच. शिवाय चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर झालेल्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय सापडला होता. शाळेत आठवड्याला एक गुलाबी गोळी मिळते, ५ ते १० वयाच्या मुलांसाठी, ४५ मिलिग्रॅम लोहाची. ती जेवणानंतरच द्या. उपाशीपोटी दिली की मळमळतं, मग घरचे म्हणतात गोळीने त्रास होतो आणि पुढच्या आठवड्यापासून मूल ती खिशात घालून नेतं. डाळ-खिचडीवर लिंबू पिळता आलं तर लोह जास्त अंगी लागतं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास जंतनाशक दिन असतो, त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी करून नंतर गोळी द्या. पोटातल्या जंतांना आपण पौष्टिक खाऊ घालून उपयोग नाही.

शेंगदाणे-गूळ उत्तम. २० ग्रॅम शेंगदाण्यांतून ५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. पण तीन काळज्या घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे काढून टाका, त्यात विष तयार होतं आणि ते भाजल्याने जात नाही. बालवाटिका-अंगणवाडीच्या लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात किंवा श्वासनलिकेत अडकतात. कूट करून लाडू द्या. मोठ्यांनीही बसून खायचे, पळताना नाही. आणि शेंगदाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी येतात किंवा ओठ सुजतात असं एखादं मूल असेल तर पालकांकडून आधीच विचारून घ्या. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण विचारायला काही लागत नाही.

शेवटचं वजन-उंचीबद्दल. वर्गासमोर काटा ठेवून, मोठ्याने आकडे सांगत वजन करू नका. ‘काडी’ आणि ‘ढोल्या’ ही नावं त्या दिवशी पडतात आणि चौथीपर्यंत चिकटतात. माझ्याकडे येणारी काही मुलं केवळ त्या चिडवण्यामुळे चारचौघांत खाईनाशी झालेली असतात. एकेकाला बाजूला घ्या, आकडा वहीत लिहा, मुलाच्या पाठीवर हात ठेवून परत पाठवा.

गच्चीवरची_बाग

पुण्यातून लिहितेय. आमच्या शाळेतला प्रश्न उलटा आहे, मुलं भरपूर खाऊन येतात पण काय खातात ते विचारू नका. मुलाच्या वर्गात वाढदिवसाला प्रत्येकाला चॉकलेट आणि चिप्सचा पुडा वाटायची पद्धत होती. एका महिन्यात चार-पाच वाढदिवस येतात. आम्ही काही आयांनी मिळून वर्गशिक्षिकेशी बोलून ती बंद केली. आता वाढदिवसाचं मूल वर्गाच्या वाचनकोपऱ्यासाठी एक पुस्तक आणतं आणि सगळ्यांना चिक्की नाहीतर केळं. एका पालकांनी सुरुवातीला विरोध केला, पण मुलांनी नाही केला.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आपल्या राज्याने तर २०१७ च्या मे महिन्यातच शाळेच्या उपाहारगृहांत असे पदार्थ ठेवायला मनाई केली. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्याच्या पोटावर पाय न देता हे कसं करायचं हा आमच्यापुढचा खरा प्रश्न. आम्ही त्याच्याशी बोललो. आता तो सुट्टीच्या वेळेला उकडलेलं कणीस आणि मीठ लावलेली काकडी ठेवतो, विक्री होते. पुडे अजूनही लटकलेले असतात, पण मागच्या बाजूला.

डब्यासाठी वेळ किती मिळतो हेही बघा. आमच्याकडे डबा खायला पंधरा मिनिटं होती, त्यात हात धुण्याची रांग. पोरं पोळीभाजी अर्धी परत आणायची आणि आम्ही त्यांना भाजी आवडत नाही म्हणायचो. मुख्याध्यापिकांनी सुट्टी दहा मिनिटांनी वाढवल्यावर डबे रिकामे यायला लागले.

ओसरी

नोकरीनिमित्त जपानमध्ये राहतोय, मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत तिसरीला. इथे १९५४ पासून शालेय जेवणाचा कायदा आहे आणि २००५ पासून आहारशिक्षणाचा. मुलं पांढरा एप्रन आणि टोपी घालून पाळीपाळीने वर्गात स्वतः वाढतात, शिक्षक त्यांच्यासोबत तेच जेवतात, नंतर ताटल्या मुलंच गोळा करतात. जेवणाचा तास हा शाळेचा तासच मानतात. आज ताटात आलेला मुळा कुठल्या गावचा, हे सांगतात.

पैसे आणि यंत्रणा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण वाढण्याची पाळी आपल्या शाळांत सहज आणता येईल. मुलगी घरी ज्या भाज्यांना हात लावत नाही त्या शाळेत स्वतःच्या हाताने मैत्रिणीला वाढते आणि मग आपल्याही ताटात घेते. आम्ही शाकाहारी असल्याने सुरुवातीला डबा द्यावा लागला, त्यावर शाळेने आम्हाला महिन्याचा बेत आधी देऊन मार्ग काढला. तिला कुणी वेगळं बसवलं नाही.

रानमेवा

चुलवणताईंचं वाचून विचार करतोय. आमच्या वाडीतही बायका सातला बाहेर पडतात. आजी-आजोबा आहेत त्या घरची मुलं खाऊन येतात, नाहीत त्या घरची नाही, हे आता नीट लक्षात येतंय. समितीवर नसलो तरी पोतंभर शेंगा माझ्याकडून धरा, आमच्या शाळेसाठी.

कोकणकडा

अंड्याचं कुणीच काढलं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं मिळत होतं. आमच्या शाळेत त्या दिवशी हजेरी पूर्ण भरायची. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्यांसाठीचा आणि खिरीच्या साखरेचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा असं कळवलं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, भेसळ करता येत नाही, पाणी घालता येत नाही, चोरी झाली तर मोजून कळते. गरीब गावाने लोकसहभाग आणायचा कुठून? जिथे मुलांना अंड्याची जास्त गरज, तिथलेच लोक ते देऊ शकत नाहीत. मला याचा मनापासून राग येतो.

दवाखाना

कोकणकडा, पूर्ण सहमत. खाणाऱ्या मुलांना अंडं आणि न खाणाऱ्यांना त्याच तोलाचं दुसरं काही मिळालं पाहिजे. नुसतं केळं प्रथिनांच्या बाबतीत अंड्याची जागा घेत नाही. फुटाणे, शेंगदाणे, दूध यांपैकी काहीतरी जोडायला हवं.

माळरान

सगळ्यांचे आभार. काल समितीची बैठक झाली, त्यात हा धागा वाचून दाखवला. काय ठरलं ते लिहितो.

जेवण पाऊण वाजता वाढायचं, येत्या सोमवारपासून. मावशींशी बाईंनी आधीच बोलून घेतलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लाकडं ओली असतात, पेटायला वेळ जातो, गॅस संपला की टाकी आणायला कुणीतरी हवं. ते काम समितीतल्या दोघांनी घेतलं.

अकराच्या सुट्टीत मुलामागे २० ग्रॅम शेंगदाणे आणि १० ग्रॅम गूळ. ४६ मुलांचा हिशोब केला तर दिवसाला किलोला थोडे कमी दाणे आणि अर्धा किलोच्या आत गूळ लागतो. आमच्या बाजारभावाने दीडशेच्या आसपास खर्च येतो. शेंगा गावातून गोळा करणार, गूळ एका पालकांच्या गुऱ्हाळावरून. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची सात मुलं दिवाळीनंतर गावात नसतात. त्यांच्यातली जी आजीकडे मागे राहतील त्यांना शनिवारी घरी नेण्यासाठी लाडू द्यायचे असं एका आजींनी सुचवलं आणि ते लगेच मंजूर झालं.

भाजणं आणि कूट करणं महिला बचत गटाकडे, त्याचे पैसे ग्रामपंचायतीने द्यावेत असा अर्ज केलाय. सरपंच ग्रामसभेत विषय घेतो म्हणाले. न झाल्यास आम्ही पालक महिन्याला वर्गणी काढू. फुकट कुणाकडून करून घ्यायचं नाही, हे चुलवणताईंच्या शब्दांतच ठरावात लिहिलंय.

त्या तिसरीतल्या मुलीला आरोग्य केंद्रात दाखवलं. जंताचं औषध दिलंय आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध सुरू केलंय. तिच्या आईने डॉक्टरांना विचारलं की सकाळी काय देऊ. चहाऐवजी रात्रीची भाकरी दह्यात कुस्करून झाकून ठेवायची, मूल उठलं की चमच्याने खाईल, असं ठरलं.

आता एकच विचारायचंय. इतके दाणे महिनाभर टिकवायचे कसे? पावसाळा आहे, शाळेची खोली गळते.

पाटीपेन्सिल

सोललेले दाणे महिन्याचे एकदम साठवू नका. शेंगाच ठेवा, टरफलासकट, गोणपाटात, जमिनीपासून फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. खोली गळत असेल तर शाळेत ठेवूच नका, बचत गटातल्या एखाद्या ताईंच्या माळ्यावर ठेवा. आठवड्याला लागतील तेवढ्याच फोडायच्या आणि भाजायच्या. भाजलेले दाणे गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफेने मऊ पडतात आणि चार दिवसांत खवट होतात. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. गुळाला पावसाळ्यात पाणी सुटतं, म्हणून तो ढेपेने घेऊन दर आठवड्याला फोडा.

आणि वाटपाची वाटी एकच मापाची ठेवा. आम्ही एकदा २० ग्रॅम मोजून एक लहान वाटी ठरवली आणि तिच्यावर रंगाने खूण केली. चौथीतली दोन मुलं पाळीने वाटतात.

चुलवण

माळरानदादा, पावसाळ्यात दाणे भाजायला वाळू वापरा, कढईत वाळू तापवून त्यात शेंगा टाकायच्या. सगळीकडून सारख्या भाजतात, करपत नाहीत, आणि दोन किलोचं काम अर्ध्या तासात होतं. वाळू चाळून, धुऊन, वाळवून घ्या. आईला विचारून लिहिलंय.